उघडी राहिलेली दिकिर

आमच्या लुबुक पाउहला आजूबाजूची माणसं वेड्यांचं गाव म्हणतात. म्हणोत. त्यांना मी एकच विचारतो: दिकिर, म्हणजे आमची गाण्यांची जुगलबंदी, एकदा उघडली, की शेवटचं गाणं म्हटल्याशिवाय ती मिटते का? नाही मिटत. आमच्या केलांतान प्रांतात हे शेंबडं पोरही सांगेल. मग जी मिटलीच नाही, तिच्यातून झीलकऱ्यांनी उठून घरी कसं जायचं? आम्ही उठलो नाही, एवढाच काय तो आमचा गुन्हा.

मी देरिस. दिवसा गाणाऱ्या होल्यांसाठी पिंजरे बनवतो आणि मंडळात झील धरतो. आम्ही बारा झीलकरी मांडी घालून, खांद्याला खांदा लावून बसतो. पुढे आमचा कारूत, जुसोह. कारूताने जागच्या जागी ओळ रचायची, आम्ही ती उचलायची, टाळी मारायची आणि डुलायचं. ओळ बरी की वाईट, खरी की खोटी, हे झीलकऱ्याने बघायचं नसतं. बघत बसला तर ताल जातो. आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला खुर्चीत पोक सू याकोब. पोक सू आमचे म्होरके. दिकिर उघडायची ती त्यांनी, आणि दिकिरीत काय चालतं, काय चालत नाही, हे सांगायचं तेही त्यांनीच. त्यांच्या शब्दाबाहेर आम्ही कधी गेलो नाही आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही.

तर भातकापणी आटोपल्यावर पासिर केलादीच्या मंडळाशी आमचा सामना ठरला. त्यांचा कारूत हमदान. हा एरवी समुद्रात तेलाच्या विहिरीवर कामाला असतो आणि सुट्टीवर आला की लोकांची अब्रू काढतो. त्या संध्याकाळी त्याने जुसोहला धरलं. म्हणाला, हा एवढा वाळलेला आहे की एका अंगाने उभा राहिला तर ढोलकीवाल्याला दिसत नाही, याला घरी कुणी खायला घालतं की नाही? लोक फिदीफिदी हसले. आता जुसोहला उत्तर द्यायचं होतं, तेही त्याच ठेक्यात. कारूताला विचार करायला वेळ नसतो. जे तोंडात येईल ते बाहेर. जुसोहच्या तोंडात आलं ते असं:

विहिरीपाशी बदक चाले, डुलवत आपली मान;
लिजाहने शिजवला भात, दगड त्याहून छान.

लिजाह म्हणजे त्याची बायको. आम्ही ओळ उचलली. खरं सांगतो, इतकी सुरेख झील आम्ही त्याआधी कधी धरली नव्हती. दुसऱ्या फेरीला तर आपोआप दोन पट्ट्यांत गेली. लोकांनी डोक्यावर घेतलं. हमदानसुद्धा मांडीवर थाप मारत हसला.

लिजाह बायकांच्या बाजूला पहिल्याच चटईवर बसली होती, शेजारी तिची आई चे वोक. लिजाह उठली. मंचाच्या मागे गेली आणि जनरेटरची जाड वायर उपसून काढली. दिवे गेले, माइक गेले, पंखे गेले. कुणीतरी कंदील आणेपर्यंत मायलेकी नदी ओलांडून चे वोकच्या घरी पोचल्यासुद्धा. अंधारात लोक चपला शोधत पांगले. हमदानला पहाटे विहिरीवर जायचं होतं, तोही गेला. शेवटचं गाणं राहिलं ते राहिलंच.

आम्ही मात्र जागचे हललो नव्हतो. पोक सूंनी कंदिलाच्या उजेडात निकाल दिला. शेवटचं गाणं दोन्ही मंडळांनी मिळून म्हणायचं असतं. हमदान समुद्रातून परतेपर्यंत ते होणार नाही. तोवर ही दिकिर उघडी. आणि उघड्या दिकिरीत कारूत जिथे, मंच तिथे. जुसोह अजून टाळ्यांच्या धुंदीत होता. मान ताठ करून म्हणाला, "बरोबर आहे."

"बरोबर आहे," आम्ही बारा जणांनी उचललं आणि टाळी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुसोहने दार उघडलं तेव्हा आम्ही त्याच्या अंगणात दोन रांगांत बसलेलो होतो. पोक सूंची खुर्ची फणसाखाली मांडली होती. जुसोह जांभई देत म्हणाला, "अरे, तुम्ही खरंच आलात?" आम्ही ते उचललं. त्याला हसू आलं. मग तो म्हणाला, पुरे झालं, जा घरी. तेही उचललं, दोनदा, कारण ओळ लहान होती. त्या दिवशी त्याला मजाच वाटली असं मला अजून वाटतं. बायको गेलेल्या घरात एकट्याने सकाळ काढण्यापेक्षा बारा जण बरे.

मजा टिकली चहाच्या दुकानापर्यंत. त्याने एक चहा मागितला, साखर कमी. आम्ही बारा जणांनी एक चहा मागितला, साखर कमी. दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना दिला. मला चहाला तीन चमचे साखर लागते. पण झील म्हणजे झील. त्या काळात मी जो पाणचट चहा प्यालो आहे त्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

मग आली कामाची पंचाईत. जुसोह माकडाकडून नारळ उतरवून घेतो. त्याचं माकड, कुंतुम, मोठं शहाणं. खालून आवाज दिला की पिकलेलाच नारळ पिरगळून टाकतं, शहाळ्याला हात लावत नाही. जुसोहने खालून आवाज दिला, "फिरव!" आम्हीही दिला. कुंतुमने खाली वाकून बघितलं. त्याला आयुष्यात एक मालक ठाऊक, आणि आता तेरा तोंडं एकदम हुकूम सोडत होती, वर टाळ्याही वाजवत होती. त्याने पिकलेले, हिरवे, कोवळे, होते नव्हते ते सगळे नारळ काढून आमच्या दिशेने फेकले, शेंड्यावर जाऊन बसलं आणि आमच्याकडे पाठ केली. "खाली ये रे बाबा," जुसोह म्हणाला. आम्ही ते फार मायेने म्हटलं, तरी ते आलं नाही. दुपार टळल्यावर, आम्ही नमाजाला गेल्यावर उतरलं.

जुसोहने मग बोलणंच बंद केलं. त्याला वाटलं ओळच नाही तर झील कसली. आम्ही गप्प बसून नुसते डुलत राहिलो. तेवढ्यात त्याला ठसका लागला. आता ठसका ही ओळ धरायची की नाही यावर आमच्यात चांगलीच जुंपली. पोक सूंनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं की ठसका तालात असेल तर धरायची. ठसका तालात होता. जुसोह जन्माचा कारूत, बेतालपणे त्याला शिंकताही येत नाही. सगळं अंगण खोकायला लागलेलं पाहून शेजाऱ्यांनी आपापली पोरं घरात घेतली.

दोन-चार दिवसांनी त्याचा घसा बसला आणि तो सरकारी दवाखान्यात गेला. पेनांगहून नवीन आलेली डॉक्टरीणबाई होती. तिने विचारलं, काय होतंय? जुसोहने बोट दाखवलं. ती म्हणाली, तोंडाने सांगा. "घसा दुखतो." बारा जणांचा घसा दुखला. "आ करा." जुसोहने आ केला, मग आम्ही. बाईने शांतपणे दिवा घेतला आणि रांगेने सगळ्यांचे घसे तपासले. सगळ्यांचेच लाल होते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. आता गुळण्या ही ओळ आहे की नाही हे मात्र पोक सूंना विचारायची सोय राहिली नाही, कारण बाईने त्यांचा रक्तदाब मोजायचं ठरवलं आणि ते घाबरून गप्प बसले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण लिजाह परत येईना. आठवडा गेला, दुसरा लागला. एरवी ती रुसली तर दोन दिवसांत तिचा राग ओसरायचा. जुसोह नदी ओलांडून जायचा, चार शब्द बोलायचा आणि तिच्या मागून तिची टोपली घेऊन यायचा. आता चार शब्द बोलायचे तर बारा जणांसमोर. त्याने फोन लावून बघितला. उशीत तोंड खुपसून कुजबुजला, "लिजाह, माझं चुकलं." कुजबुजीची झील कुजबुजीतच धरायची असते, ते आम्हाला चांगलं जमतं. तिला फोनवर काय ऐकू आलं असेल ते सांगायला नको. तिने फोन आपटला. तिची समजूत झाली की हा मंडळ बसवून तिची पुन्हा थट्टा करतोय.

मग त्याने फोनवरच लिहून पाठवलं. उत्तर आलं, ते त्याने आम्हाला दाखवलं नाही, पण तो वाचताना पुटपुटला म्हणून आम्हाला म्हणावं लागलं: अपमान तोंडाने केलास, गावासमोर केलास, आता माफी बोटाने मागतोस? तोंडाने माग. एकट्याने माग. सोबत तमाशा आणू नकोस.

एकट्याने. तेच तर होत नव्हतं.

दिवसभरात जुसोहला एकच जागा मोकळी होती, मशीद. तिथे इमामाच्या मागे सगळे सारखे, तिथे कारूत नाही नि झीलकरी नाही. त्यामुळे जुसोह हल्ली अजानच्या आधी जायचा आणि सगळे गेल्यावर निघायचा. इमामाला वाटलं हा सुधारला. जुसोहने त्याला विचारलंही, लिजाहला इथेच बोलावून घेऊ का? इमाम म्हणाला, नवरा-बायकोची भांडणं इथे आणायला लागलात तर नमाजाला जागा उरणार नाही.

त्या शुक्रवारी नमाज झाल्यावर जुसोह सरकत माझ्याजवळ आला. त्याचे डोळे आत गेले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याचा नुसता आवाज ऐकू आला, टाळीशिवाय.

"देरिस, ती जोहोरला चाललीय. भावाकडे. तिकडे कारखान्यात काम बघितलंय तिच्यासाठी. उद्या दुपारची बस."

मी म्हटलं, मग जा, बोल तिच्याशी.

"एक तास मला एकटं सोडा. फक्त एक तास. तू सांगितलंस तर बाकीचे ऐकतील."

मी त्याला समजावलं. म्हटलं, बाबा, आज तुझ्यासाठी उठलो तर उद्या कुणीही कुणासाठीही उठेल. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सासू आली. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली गोष्ट, ती तुझ्या एका संसारापायी उघडी टाकून जायची? तो ऐकत राहिला.

"तू माझा मित्र ना?"

"मित्र आहेच. पण आधी झीलकरी आहे."

तो उठून गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बाहेर आल्यावर त्याने चपला घालताना नुसतं "या अल्ला" म्हटलं आणि मी सगळ्यांच्या आधी ते उचललं.

शनिवारी उन्हं डोक्यावर आली तशी आमची वरात निघाली. पुढे जुसोह, धुतलेला सदरा, नवं सारोंग, डोक्यावर काळी टोपी. मागे आम्ही. सगळ्यांत मागे पोक सू आणि त्यांची खुर्ची उचलून दोघे. होडी लहान, तीन खेपा झाल्या. जुसोह पहिल्या खेपेला पलीकडे उतरला आणि धूम पळत सुटला. वाटलं असेल, बाकीचे येईपर्यंत चार शब्द होतील. पण त्याच्याबरोबर पहिल्या होडीत मी होतो आणि पळण्यात मी काही कमी नाही.

चे वोकचं घर खांबांवर उंच बांधलेलं, पुढे लाकडी जिना. अंगणात बदकं. चे वोक केरसुणी घेऊन जिन्याखाली उभ्या होत्या आणि बदकांना हाकलण्याचं निमित्त करून आमच्या गुडघ्यांवर मारत होत्या. आम्ही तशाच मांड्या घातल्या. वरच्या खोलीत लिजाह बॅग भरत होती, खिडकीतून दिसत होती. तिने बघितलं आणि खिडकीचं एक दार लावून घेतलं. एकच. दुसरं उघडं राहिलं.

"लिजाह," जुसोह म्हणाला.

लिजाह, आम्ही म्हणालो. टाळी.

तो तिला म्हणाला की माझं ऐकून घे. आम्ही म्हणालो ऐकून घे. तो म्हणाला मी त्या दिवशी मूर्खासारखा बोललो. आम्ही सगळे मूर्खासारखे बोललो. कुंपणापाशी शेजारपाजारचे जमायला लागले. एकाने खारे शेंगदाणे आणले आणि पुडी फिरायला लागली. जुसोह म्हणाला, हे मी मनापासून बोलतोय. आणि आमचं दुर्दैव असं की 'मनापासून' शब्द दोन पट्ट्यांत फार गोड बसतो. कुंपणावरची माणसं खळखळून हसली. मी जुसोहकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो जे जे बोलत होता त्याचं त्याच्या डोळ्यांदेखत गाणं होत होतं, आणि गाणं म्हटलं की कोण कुणाचं खरं मानतं? तो आणखी मोठ्याने बोलला, आम्ही आणखी मोठ्याने. तो हळू झाला, आम्ही हळू. शेवटी तो अंगणात मधोमध उभा राहून रडायला लागला.

आम्ही पोक सूंकडे बघितलं. पोक सूंनी डोळे मिटले, ऐकलं आणि मान हलवली. हुंदके तालात होते.

बारा बाप्ये बदकांच्या घाणीत बसून रडले. पहिला हुंदका मी झील म्हणून दिला. दुसऱ्यापासून मला खरंच आवरेना. शेजारचा म्हातारा झीलकरी तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घळाघळा रडत होता, त्याची बायको मागल्या वर्षी गेली होती. लोकांचं हसणं थांबलं. शेंगदाण्याची पुडी जिथल्या तिथे राहिली.

लिजाह बाहेर आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर बॅग ठेवली आणि तिच्याशेजारी बसली.

"पोक सू," ती म्हणाली, "ही माणसं फक्त ह्याचंच उचलतात?"

पोक सू म्हणाले की गाणाऱ्याचं उचलतात, मग तो कुणी का असेना.

"मग मी गायले तर?"

पोक सूंनी मिशी कुरवाळली. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मग ते म्हणाले की आमच्याकडे बायका मंचावर चढत नाहीत.

"हा मंच नाही. हा माझ्या आईचा जिना आहे."

"आणि माझ्या नावावर आहे," चे वोक खालून म्हणाल्या. "कुणी चढायचं, कुणी नाही, ते मी सांगीन."

पोक सूंनी हात थोडासा वर केला, नेहमी दिकिर उघडताना करतात तसा. लिजाहने घसा साफ केला. तिला गाता येतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. जुसोहलाही नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसलं.

खाडीवरती वारा सुटला, होडी लागली काठी;
दगड रांधत बसले मी, कुणाच्या पोटासाठी?

मग माझे हात आपोआप वर गेले, आणि आम्ही उचललं. पहिल्या फेरीला आवाज दबके होते. दुसऱ्या फेरीला उघडले. बाईची पट्टी उंच, आम्हाला माना उंचावाव्या लागल्या. कुंपणावरच्या बायका पुढे सरकल्या. जुसोह मध्येच उभा होता, हात लोंबत. त्याला आता पुढे काही काम नव्हतं. तो इकडेतिकडे बघत मागे मागे आला आणि आमच्या रांगेच्या टोकाला, माझ्या शेजारी, मांडी घालून बसला.

केळीखाली सावली पडली, ऊन उतरलं दारी;
सगळे जेवून उठले, तेव्हा बसले मी माघारी.

हे उचलताना टाळी जरा मागे पडली. माझीच पडली. मला माझ्या घरातली चूल दिसली आणि चुलीपाशी भांडं खरवडणारी पाठ दिसली. पलीकडचे दोघेही खाली बघत होते. पोक सूंनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटून आम्हाला तालावर आणलं. जुसोह ओठ हलवत होता, पण त्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

मग लिजाहने यमक सोडलं. ठेकाही सोडला. नुसती बोलायला लागली, पण हात मांडीवर ताल देत होता, म्हणजे ते गाणंच.

"तो भात कच्चा राहिला, कारण तू तापाने फणफणत होतास आणि मी तुझ्या उशाशी बसले होते, उठले नाही."

एवढी लांबलचक ओळ कुठल्याच कारूताने कधी टाकली नसेल. तिला ना डोकं ना शेपूट. तरी आम्ही उचलली, अडखळत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. तो भात कच्चा राहिला, कारण तू तापाने फणफणत होतास. जुसोह थांबला. मी त्याला कोपर मारलं. झीलकऱ्याने थांबायचं नसतं.

"मोठ्याने," लिजाह वरून म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी 'मोठ्याने' असं म्हटलं. जुसोहने म्हटलं नाही. तो मागची ओळच पुन्हा म्हणत होता, एकटा, आमच्या मागे राहून. मी तुझ्या उशाशी बसले होते, उठले नाही. त्याचा आवाज पार गेलेला होता, मिठाच्या गुळण्यांचा काही उपयोग झाला नव्हता. पण प्रत्येक शब्द त्याने पुरा म्हटला. आम्ही गप्प झालो आणि तो एकटा म्हणत राहिला, एकदा, आणखी एकदा. मला वाटतं त्याने ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा ऐकली. स्वतःच्या तोंडून.

लिजाहने कपाळावरचा घाम पुसला.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही."

तिचा हात अजून मांडीवरच होता. मला भूक लागलीय, आम्ही उचललं. सकाळपासून पोटात काही नाही. टाळी छान बसली. आम्ही डावीकडे डुललो, उजवीकडे डुललो, आणि उजवीकडे डुलताना माझ्या लक्षात आलं की माझ्या खांद्याला खांदा नाही. जुसोहने ओळ उचललीच नव्हती. तो उठला होता, बदकांमधून वाट काढत जिन्यापाशी गेला होता आणि लिजाहच्या बाजूने अंग चोरून वर घरात शिरला होता. दिकिर चालू असताना, ओळ हवेत असताना, झीलकरी रांग सोडून गेला. असं मी बापजन्मात पाहिलं नव्हतं. मी पोक सूंकडे बघितलं. ते बदकं मोजत असल्यासारखे जमिनीकडे बघत होते.

आतून टोप आपटल्याचा आवाज आला, मग तांदूळ सांडल्याचा. चे वोक केरसुणी टाकून जिना चढायला लागल्या, पण लिजाहने पाय आडवा घातला आणि त्यांना तिथेच थांबवलं.

"लिजाह," जुसोह आतून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाणी किती घालायचं?"

आम्ही बारा जण बसून राहिलो. हात गुडघ्यांवर. कुणीही उचललं नाही. तो आता आमचा कारूत नव्हता, आणि ओळ आमच्यासाठी नव्हती.

लिजाह उठली, बॅगेला वळसा घालून आत गेली आणि त्याला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते आम्हाला ऐकू आलं नाही.